चोळू नका : नको त्या जागी उगवणाऱ्या हाडाविषयी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्या विषयावर बोलणारी माणसं आता आपल्या तालुक्यातही भरपूर आहेत, आणि आपल्या मुलांना मोबाईलवर सगळं सापडतं. म्हणून मी संयोजकांची परवानगी घेऊन विषय बदलला. आज मी हाडाबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण हा विषय गेली तीस वर्षं माझ्या डाव्या हातात आहे, त्यामुळे तो मला शिकावाच लागला. इथे बसलेल्यांमध्ये शिक्षक आहेत, आशा ताई आहेत, नर्स आहेत, पोलीस खात्यातले दोघे आहेत आणि पोरंबाळं असलेले तर आपण बहुतेक सगळेच आहोत. तुम्हाला हे कळलं तर दिघोरीतल्या एखाद्या लेकराचा हात वाचेल, असं मला खात्रीनं वाटतं.

आधी हे हाड म्हणजे काय ते सांगते. आपल्या शरीरात मोठेपणी २०६ हाडं असतात, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात पाठ केलं होतं. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पण काही वेळा मार लागल्यानंतर स्नायूच्या आत, जिथे हाडाचं काहीच काम नाही अशा जागी, नवीन हाड तयार होतं. डॉक्टर त्याला ‘हेटेरोटॉपिक ऑसिफिकेशन’ म्हणतात, म्हणजे भलत्या जागी हाड होणं. मार लागलेल्या स्नायूत ते झालं तर त्याचं जुनं नाव ‘मायोसायटिस ऑसिफिकन्स’. नावं अवघड आहेत, ती विसरलात तरी चालेल.

लोकांना वाटतं, तिथे चुना साचला असेल. तसं नसतं. ते खरंखुरं हाड असतं. त्याला वरून कठीण कवच असतं, आत जाळी असते, पुढे मगजसुद्धा तयार होतो. म्हणून दूध बंद करा, पानातला चुना सोडा, कॅल्शियमच्या गोळ्या फेकून द्या, असे जे सल्ले मिळतात त्यांचा इथे उपयोग नाही. अशा माणसाच्या रक्तातलं कॅल्शियम बहुधा अगदी ठीक असतं. शरीराने काम बरोबर केलेलं असतं, फक्त जागा चुकलेली असते.

असं का होतं, याचा एक धागा १९६५ साली हाती आला. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मार्शल युरिस्ट नावाचे अस्थितज्ज्ञ होते. त्यांनी हाडाचे तुकडे अम्लात ठेवून त्यातला सगळा कॅल्शियम काढून टाकला आणि ते तुकडे प्राण्यांच्या स्नायूंमध्ये ठेवले. काही आठवड्यांनी पाहिलं तर स्नायूत नवीन हाड तयार झालेलं. म्हणजे त्या तुकड्यात असं काहीतरी उरलं होतं, जे आजूबाजूच्या पेशींना ‘हाड व्हा’ असं सांगत होतं. पुढे त्या निरोपाच्या प्रथिनांना बीएमपी हे नाव पडलं. आपल्या क्षेत्राच्या भाषेत सांगायचं तर हाड बांधायची सूचना आणि ती पाळू शकणाऱ्या पेशी आपल्या मांसातही असतात. एरवी त्या गप्प असतात. मार लागला, आत रक्त साकळलं, सूज आली की कधीकधी हा निरोप सुटतो.

आता कोपराकडे या. दंडाच्या खालच्या अर्ध्या भागात, हाडाला अगदी चिकटून, एक स्नायू असतो. त्याचं नाव ब्रेकिअ‍ॅलिस. आपण हात दुमडतो तो मुख्यतः याच्या जोरावर. पोरगं हात टेकून पडलं, कोपर निखळलं किंवा कोपराच्या वर दंडाचं हाड मोडलं, की हा समोरचा स्नायू फाटतो आणि त्यात रक्त साकळतं. म्हणून भलत्या जागी हाड होण्याचा धोका ज्या सांध्यांना जास्त, त्यांत कोपराचा नंबर बराच वर लागतो.

आणि नेमकं याच कोपराला आपल्याकडे चोळलं जातं.

तुमच्यापैकी अनेकांना माझा हात आठवत असेल. १९९३ च्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, मी आमच्या बांधीच्या निसरड्या धुऱ्यावरून पडले. तेव्हा गोंदिया अजून आपल्याच जिल्ह्यात होतं आणि आपल्या गावातून भंडाऱ्याला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा. रोवणीचा दिवस मोडणं कोणत्याच घराला परवडत नाही. कोपर सुजलं, हात वाकडा दिसायला लागला. शेजारच्या गावातून हाड बसवणारे आले. त्यांनी ओढून हात सरळ केला, बांबूच्या कामट्या बांधल्या. दहा-बारा दिवसांनी कामट्या निघाल्या, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी कोमट तेलाने मालिश. आजी म्हणायची, “चोळलं नाही तं हात आखडून जाईल माय. दुखते तं दुखू दे, मोकळा होते.” ती स्वतः चोळायची, आणि मी रडले की तीही रडायची. माझ्या आजीइतकं प्रेम त्या हातावर कोणीच केलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोपराच्या समोर, घडी पडते तिथे, एक गाठ लागायला लागली. आधी ती रबरासारखी होती, गरम असायची. मग कडक झाली. हात जितका आखडत गेला, तितकं चोळणं वाढत गेलं. दिवाळीपर्यंत माझं कोपर जवळजवळ काटकोनात अडकलं. पूर्ण सरळ होईना आणि पूर्ण दुमडेना. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या होत्या आणि मला एकही घालता येत नव्हती. प्रार्थनेच्या आधी रोज कोणी ना कोणी माझ्या वेण्या घालून दिल्या. त्यातल्या दोघी आज तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत. त्यांचे आभार मानायला मला हे निमित्त मिळालं.

गावात कोणी म्हणालं, नजर लागली. कोणी म्हणालं, पोरीचं नशीब. खरं काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी, पुण्यात नोकरीला लागल्यावर एका डॉक्टरांनी एक्सरे दिव्यासमोर धरून दाखवलं. दंडाच्या हाडासमोर, स्नायू असायला हवा तिथे, बोराएवढा पांढरा ठिपका नव्हता, चांगलं करंगळीएवढं हाड होतं. ते म्हणाले, पडल्यामुळे सुरुवात झाली, पण त्याला खतपाणी मालिशने घातलं.

हे कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. मार लागल्यावर आतला स्नायू भरून यायला लागतो. रोज जोराने चोळलं किंवा ओढून ताणलं की अर्धवट भरलेले धागे पुन्हा तुटतात. पुन्हा बारीक रक्तस्राव, पुन्हा सूज, आणि पुन्हा तोच ‘हाड व्हा’ हा निरोप. बाहेरून दिसतं असं की हात आखडतोय, म्हणून आपण अजून जोर लावतो. म्हणजे दुखणं ज्या गोष्टीनं वाढतं, तीच आपण औषध म्हणून वाढवत जातो. प्रत्येक चोळणं हा त्या स्नायूसाठी नवा अपघात असतो.

एक गोष्ट स्पष्ट करते. मी मालिशच्या विरोधात नाही. दिवसभर वाकून रोवणी केलेल्या बाईची पाठ चोळून द्या, बाळंतिणीला तेल लावा, म्हाताऱ्या माणसाचे पाय दाबून द्या. ते चांगलंच आहे. आणि हाड बसवणाऱ्यांची मी थट्टाही करत नाही. ज्या काळात जवळपास एक्सरे नव्हता, त्या काळात हीच माणसं रात्री-अपरात्री धावून आली, पैसे न घेता आली. पण बोटांनी चाचपून हाड निखळलं की मोडलं, हे नक्की कळत नाही. त्याला एक्सरेच लागतो. आणि ताज्या मारावर मालिश, मग ती हाडवैद्याने करो, आजीने करो की पदवी घेतलेल्या माणसाने करो, सारखीच वाईट. प्लास्टर निघाल्यावर दुसऱ्याने जोर लावून कोपर सरळ करणं हेही त्यातच आलं.

मग करायचं काय? पोरगं पडलं आणि कोपर सुजलं तर हात आहे त्या स्थितीत ठेवा. सरळ करून बघू नका. ओढणी किंवा टॉवेलची झोळी करून गळ्यात अडकवा. कापडात गुंडाळून बर्फ असेल तर थोडा वेळ ठेवा. तेल, आंबेहळद-मिठाचा लेप, शेक, चोळणं यातलं काहीच नको. कापड किंवा कामट्या घट्ट आवळू नका. बोटं थंड पडली, निळसर झाली, बधिर झाली किंवा बोट सरळ करताना पोरगं किंचाळलं, तर रक्तपुरवठा अडलेला असू शकतो. मग सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि त्याच रात्री निघायचं. एरवीही त्याच दिवशी एक्सरे काढायचा.

आणि प्लास्टर निघाल्यावर हात मोकळा कसा होतो? एका वाक्यात सांगते, हे वाक्य मात्र घरी घेऊन जा : हात ज्याचा त्याने हलवायचा, दुसऱ्याने ओढायचा नाही. पोराला स्वतःला जमेल तितकं, दुखेपर्यंत नाही, दिवसातून चार-पाच वेळा. मुलांची कोपरं अशीच हळूहळू सुटतात. दोन-तीन महिने लागतात. आपल्याला धीर नसतो एवढंच. लाखोळी पेरल्यावर रोज माती उकरून कोंब आला का ते आपण बघत नाही, तसंच हे आहे.

कबड्डीत मांडीला गुडघा बसतो, तेव्हाही हेच. मांडीच्या पुढच्या स्नायूत रक्त साकळतं आणि दुसऱ्या दिवशी पोरं मांडी चोळून पुन्हा मैदानात उतरतात. तिथेही हाड होऊ शकतं. पहिले काही दिवस विश्रांती, थंड शेक, आणि मालिश नाही. शारीरिक शिक्षणाचे सर इथे आहेत, त्यांना विनंती आहे की तालुक्याच्या स्पर्धेआधी एवढं मुलांना सांगावं.

आता थोडं कोपराच्या बाहेर जाते, कारण हे हाड फक्त पडलेल्या पोरांना होतं असं नाही. डोक्याला जबर मार लागून जे अनेक दिवस बेशुद्ध असतात, त्यांच्या खुब्याजवळ आणि कोपराजवळ काही आठवड्यांनी असं हाड धरू शकतं. झाडावरून पडून मणक्याची दोर दुखावली आणि पाय गेले, अशा माणसांच्या खुब्यातही ते बऱ्याच वेळा दिसतं. मोठ्या भाजण्यानंतर होतं. खुब्याचा सांधा बदलल्यावरही काहींना होतं. साकोली-लाखांदूर रस्त्यावर विनाहेल्मेट गाडी हाणणारी आपलीच पोरं आहेत, आणि मोहाच्या, तेंदूच्या दिवसांत झाडांवर चढणारी माणसंही आपलीच आहेत. असा रुग्ण घरी आला आणि त्याचा खुबा किंवा गुडघा अचानक सुजला, गरम लागला, आखडायला लागला, तर ‘पडून राहिल्यामुळे झालं असेल’ म्हणून जोर लावून पाय मोडून काढू नका. डॉक्टरांना दाखवा. सांधे हळुवार हलवत राहणं आणि जोर लावून ताणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गरजेची आहे, दुसरी घातक.

एकदा हाड धरलंच तर? पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका. पुष्कळदा, विशेषतः लहान वयात, त्रास थांबवला तर ते काही प्रमाणात आपोआप विरघळतं. दुसरी गोष्ट, लगेच कापायची घाई नको. सुरुवातीला ते हाड कच्चं असतं, एक्सरेवर ते तीन-चार आठवड्यांनंतरच पुसट ढगासारखं दिसायला लागतं. कच्चं असताना कापलं तर पुन्हा उगवण्याची भीती असते. साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून, ते पिकलं की, सांधा अडतच असेल तर शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर ते पुन्हा येऊ नये म्हणून इंडोमेथासिनसारखं औषध किंवा किरणांची एखादी मात्रा देतात. माझी शस्त्रक्रिया पुण्यात झाली, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पडल्याला चौदा वर्षं होत आली होती, त्यामुळे सांधाही कायमचा आक्रसलेला होता. हात पूर्ण सुटला नाही. जेवण्या-नेसण्यासारखी रोजची बहुतेक कामं कोपराच्या ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात असं अस्थितज्ज्ञ मानतात. माझं कोपर आधी ७० ते ९५ मध्ये अडकलेलं होतं, आता ३५ ते १२० पर्यंत जातं. वेणी अजूनही घालता येत नाही, म्हणून केस कापले. कीबोर्डला मात्र ९० अंशच लागतात. त्यामुळे मी इंजिनिअर झाले ते कोपरामुळेच, असं आमच्या घरी गमतीनं म्हणतात.

आणि एक इशारा. मार न लागता, एकाएकी, पोराच्या मांडीत किंवा दंडात कडक गाठ आली तर तिला ‘तसलंच हाड असेल’ म्हणून घरी बसू नका. हाडाचा कर्करोगही याच वयात येतो आणि सुरुवातीला तो असाच दिसू शकतो. दोन्हींतला फरक तपासणी करूनच कळतो. तो आपण ठरवायचा नाही.

आता याच गोष्टीचं एक फार दुर्मिळ आणि फार अवघड रूप सांगते. माझा आजार वाचता वाचता मला ते कळलं, आणि त्यामुळेच आज बोलावंसं वाटलं. काही मुलांमध्ये हे हाड मार लागूनच काय, न लागताही, आयुष्यभर होत राहतं. मानेपासून सुरू होतं, मग पाठ, खांदे, कोपरं, खुबे, जबडा. एकेक सांधा कुलूप लागल्यासारखा बंद होतो. त्याचं नाव फार लांब आहे, ‘फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा’. डॉक्टर थोडक्यात एफओपी म्हणतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियममध्ये हॅरी ईस्टलॅक नावाच्या माणसाचा सांगाडा आहे. हा मुलगा १९३३ साली जन्मला आणि चाळीस पूर्ण व्हायला काही दिवस असताना १९७३ साली गेला. शेवटी त्याला फक्त ओठ हलवता येत होते. आपल्यासारख्या आजारावर लोकांनी अभ्यास करावा म्हणून त्याने आपलं शरीर दिलं. साध्या सांगाड्याची हाडं तारेने बांधून उभी करावी लागतात. त्याचा सांगाडा बराचसा आपल्या आपणच जोडलेला आहे.

२००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या फ्रेडरिक कॅप्लान आणि आयलीन शोर यांच्या गटाने याचं मूळ शोधलं. आपल्या गुणसूत्रांत सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. त्यातलं एक अक्षर बदललेलं असतं. ‘हाड व्हा’ हा निरोप पेशीच्या दारावर जे घेतं, त्या एसीव्हीआर-१ नावाच्या जनुकात. त्यामुळे दार अर्धवट उघडंच राहतं, आणि भलत्याच निरोपालाही ते होकार देतं. आयुष्यभर प्रोग्रॅममधली एकेक खूण शोधत बसणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून दोन रात्री झोप लागली नव्हती. तीन अब्जांतलं एक अक्षर, आणि आख्खं लेकरू जागच्या जागी बंद.

हा आजार साधारण दहा ते वीस लाखांत एकाला होतो. आपल्या देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर हिशेबाने सातशे ते चौदाशे माणसं होतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी लोक होते, म्हणजे पन्नास ते शंभरच्या आसपास. संख्या छोटी आहे. पण यांच्या बाबतीत चुकीचा हात लागला तर फार मोठं नुकसान होतं. गाठ पाहून बायोप्सीसाठी तुकडा काढला, की तिथे हाड. दंडात स्नायूत सुई टोचली, की तिथे हाड. दाताच्या डॉक्टरांनी जबड्यात भूल दिली, की जबडा बंद. चोळलं तर काय होईल ते आता सांगायला नको.

आणि गंमत अशी की हा आजार जन्माच्या दिवशीच ओळखू येऊ शकतो, तेही एक रुपया न घालवता. या मुलांच्या पायाचे दोन्ही अंगठे जन्मतःच आखूड असतात आणि आत, दुसऱ्या बोटाकडे वळलेले असतात. जवळजवळ प्रत्येक रुग्णात ही खूण असते. अंगठे असे आणि पुढे पाठीवर किंवा मानेवर येणाऱ्या-जाणाऱ्या सुजलेल्या गाठी, हे दोन एकत्र दिसले की सुई नको, चाकू नको, मालिश नको. आधी रक्तातून जनुकाची तपासणी. आशा ताईंनो, बाळ बघायला जाता तेव्हा वजन करता, नाळ बघता. जाता जाता पायाचे अंगठे बघा. प्रत्येक वाकडा अंगठा म्हणजे हा आजार नव्हे, तेव्हा आईला घाबरवू नका. नोंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

यासाठी नवीन काही उभारायचीही गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ साली आलं, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातल्या विशेष केंद्रांपैकी एक आहे. एफओपीवर पालोव्हॅरोटिन नावाचं पहिलं औषध अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालं. ते आजार बरा करत नाही, नवीन हाड होणं कमी करतं, आणि लहान मुलांची वाढ खुंटवू शकतं म्हणून मुलींना आठ आणि मुलांना दहा वर्षांच्या आत देत नाहीत. तेव्हा आजही या मुलांसाठी सगळ्यात मोठा उपचार हाच की कोणी त्यांना ओळखावं आणि उगाच हात लावू नये.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे. संगणक घ्यायचा की कमान बांधायची यावर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन महिने चर्चा चालली. मी संगणकवाली असून सांगते, त्यातले थोडे पैसे या तीन गोष्टींसाठी काढा.

एक, मैदानाकडच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून घेऊ : ‘मार लागला तर चोळू नका. झोळी बांधा. एक्सरे काढा.’ पोरं रोज वाचतील आणि घरी जाऊन आजीला सांगतील. आजी शाळेच्या भिंतीचं ऐकते, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

दोन, शाळेत एक पेटी ठेवू. तिच्यात झोळीची चार कापडं, मऊ फळ्या, पट्ट्या, बर्फाची पिशवी. आणि वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावून मुलांकडूनच झोळी बांधून घेऊ.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. एक्सरेला जायला गाडीभाडं नाही, रोवणी मोडता येत नाही, म्हणून आईबाप तेलाची वाटी घेतात. १९९३ ला तेच होतं आणि रस्ते सुधारले तरी काही घरांत आजही तेच आहे. मुख्याध्यापकांकडे पाच हजार रुपये कायम राहतील असं करू. पोरगं पडलं की त्याच दिवशी गाडी आणि सोबत जायला एक माणूस. पैसे संपले की आपण पुन्हा भरू. पहिली दहा वर्षं ते भरण्याची जबाबदारी मी घेते, कोषाध्यक्षांनी तशी नोंद करून घ्यावी.

सगळ्यांनी एवढा वेळ शांतपणे ऐकलंत. जेवण तयार आहे असं मागून खुणावत आहेत, आणि वडा-भाताचा वास इथपर्यंत आला आहे. तेव्हा थांबते. जेवताना ज्यांना काही विचारायचं असेल, विशेषतः ज्यांच्या घरी सध्या कोणाचा हात किंवा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यांनी माझ्या शेजारी येऊन बसावं.